सहकारी बँकेचं सीबीएस मायग्रेशन: माझ्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज किकऑफ झाला. दक्षिण महाराष्ट्रातली नागरी सहकारी बँक, ३४ शाखा, चार लाखांच्या आसपास खाती, जुनी सीबीएस (कोअर बँकिंग सिस्टिम, सगळ्या शाखांची खाती एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सोडून नवीनवर न्यायचीय. आम्ही ९ जण, बहुतेक पुण्यातून काम करणार, दोघं आलटून पालटून बँकेच्या मुख्य कार्यालयात बसणार. गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम खरोखर सुरू करायची तारीख, १४ डिसेंबर, कारण तो दुसरा शनिवार, बँक बंद, जोडून रविवार. अर्थात बँक बंद म्हणजे सगळं बंद असं आता राहिलेलं नाही, १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते आणि बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे खात्यात टाका नाहीतर परत पाठवा असा नियम आहे, यूपीआय तर थांबतच नाही. म्हणजे शटर खाली असलं तरी पैसे येत राहणार. याचं नियोजन स्पॉन्सर बँकेबरोबर (जिच्यामार्फत आपल्या बँकेचे हे व्यवहार होतात) आत्तापासून करायला लागेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं.

स्टेटस रिपोर्टचा तयार साचा मिळाला, प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा, लाल. तो रकानाच काढून टाकला. लाल भरला की तासाभरात तीन जणांचे फोन येतात, मग माणसं हिरवाच भरतात आणि शेवटच्या महिन्यात सगळं एकदम लाल होतं. त्याऐवजी दोन रकाने केले, एक "या आठवड्यात काय चालताना स्वतः बघितलं" आणि दुसरा "धाकधूक कशाची वाटते". दुसरा रिकामा ठेवायचा नाही, अगदी फ्रेशरने पण.

टीमला टीएसबीचं उदाहरण सविस्तर सांगितलं कारण आपलं काम त्याच जातीचं आहे. ब्रिटनमधल्या या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला ५० लाखांवर ग्राहक लॉइड्सच्या जुन्या सिस्टिमवरून साबादेल ग्रुपच्या नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. गंमत अशी की डेटा नीट गेला, प्लॅटफॉर्म कोसळला. १९ लाख लोकांना स्वतःच्या खात्यात जाता येईना, काही ग्राहकांचा त्रास डिसेंबरपर्यंत चालला, सप्टेंबरमध्ये सीईओंना जावं लागलं. नंतर चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटर होती आणि लोडची टेस्ट एकाच सेंटरवर झाली होती. आता एवढ्या मोठ्या टीममध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माहीत असलेला माणूस आणि निर्णय घेणारा माणूस यांच्यामध्ये कुठेतरी ती बातमी अडकली. माझ्या मते प्रोजेक्ट मॅनेजरचं मुख्य काम हेच, ती वाट मोकळी ठेवणं. बाकी गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) वगैरे कुणीही बनवतं.

२९ ऑगस्ट २०२४, गुरुवार

धाकधूकच्या रकान्यात पहिली खरी गोष्ट आली. आमच्याकडे जूनमध्ये लागलेला मुलगा, त्याने लिहिलं "मराठी नावं". जुन्या सिस्टिममध्ये वारसदारांची नावं, पत्ते, ठरावांचे शेरे सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, म्हणजे डेटाबेसमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला आणि स्क्रीनवर तो फॉन्ट लावला की मराठी दिसतं. नव्या सिस्टिमला युनिकोड लागतं, म्हणजे अक्षरं डेटाबेसमध्येच मराठी म्हणून साठवलेली. कन्व्हर्टर आणलाय पण त्याने शंभर नावं काढून हाताने तपासली तर रफार भलत्याच अक्षरावर चढतोय, "श्र" तुटतोय, "ऱ्या" चा कुठे "र्या" तर कुठे नुसता चौकोन. कीर्ती नावाच्या बाईंचं कार्ड "कीतीर्" असं छापलं जाईल. मराठी माणसाच्या बँकेत ठेवीदाराचं नावच चुकलेलं आलं तर पुढचा कुठलाच आकडा त्याला खरा वाटणार नाही.

त्याला पुढच्या सोमवारी स्टीअरिंग मीटिंगमध्ये (बँकेचे आणि आमचे वरिष्ठ प्रकल्पाचा आढावा घेतात ती) हे स्वतः दाखवायला सांगितलं. घाबरला, म्हणाला ताई तुम्हीच सांगा ना. मी म्हटलं तू शोधलंस, प्रश्न विचारले तर उत्तरं तुलाच येणार आहेत, मी शेजारी बसते.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

दाखवलं, छान दाखवलं. बँकेच्या सीईओ साहेबांनी त्याला थेट विचारलं, "किती दिवस लागतील तुम्हाला?" त्याने "कन्व्हर्टरचे नियम दुरुस्त करायला तीन आठवडे, पण नावं शाखेतल्या माणसांनीच तपासायला लागतील" असं सरळ सांगितलं. प्रत्येक शाखेतून एक माणूस मिळाला.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

गणपतीत अर्धी टीम गावाला होती ते प्लॅनमध्येच धरलेलं, त्याचं काही नाही. पण इंटरफेसचं, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमशी जोडणीचं, काम मागे पडतंय हे बघून आमच्या अकाउंट मॅनेजर साहेबांनी आणखी ५ जण देऊ केले. मनापासून देत होते, बेंचवर (सध्या प्रोजेक्ट नसलेली) माणसं आहेत, बिलिंग पण होईल.

नको म्हटलं आणि का नको ते फळ्यावर काढून दाखवलं. ९ माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या ३६ होतात, १४ माणसांत ९१. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. आपल्याकडे जुनी सिस्टिम समजलेली माणसं दोनच आहेत, तीच दिवसभर ट्रेनिंग देत बसली तर इंटरफेस कोण लिहिणार. शेवटी एकच माणूस मागितला, नवा नको, ज्याने स्पॉन्सर बँकेच्या फाइल फॉरमॅटवर आधी काम केलंय असाच हवा. मिळाला, सोमवारी येतोय. आणि बोर्डाला हव्या असलेल्या चार रिपोर्टपैकी दोन मार्चनंतर द्यायचे ठरवून घेतले, खरा वेळ त्यातून सुटला.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

पहिली मॉक, म्हणजे सगळ्या मायग्रेशनची सराव फेरी. चालली पण फार हळू, रात्री डेटाबेसचे इंडेक्स बनवण्यातच सात तास गेले. ट्रायल बॅलन्समध्ये (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) जुन्या आणि नव्या सिस्टिममध्ये ६२,४०० रुपयांचा फरक, शेरा "व्याजाचं राउंडिंग".

तिकडे बँकेत एक गोष्ट झालीय, सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी सभासदांना नवीन सिस्टिमची १४ डिसेंबर ही तारीख जाहीर करून टाकली. टाळ्या पडल्या म्हणे. हे पुढे जड जाणार आहे.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दुसरी मॉक, गुरुवारी रात्रीच्या डे-एंडचा (दिवसाचे हिशोब बंद केल्यानंतरचा) बॅकअप घेऊन. वेळ छान कमी झाला, २६ तासांत सगळं आत. नावं पण सुंदर आली. आणि ट्रायल बॅलन्सला फरक ८,४७,३१० रुपये.

आधी ६२,४००, आता साडेआठ लाख. राउंडिंग असं वाढत नाही.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज दिवसभर एका तालुक्याच्या शाखेत बसले होते, बरोबर डेटावाला (टीममध्ये डेटा हलवायचं काम बघणारा) आणि आमची टेस्टर. ही शाखा निवडली कारण फरकातला सर्वात मोठा तुकडा, सव्वा लाखाच्या वर, एकट्या या शाखेचा होता.

पासिंग ऑफिसर (व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्या) बाईंना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, एक मिनिटभर बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे आमच्या पिग्मीचे." मग त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं फिरून पैसे गोळा करतो, त्याच्या हातातल्या मशिनमध्ये नोंद होते, दुसऱ्या दिवशी सकाळी मशिन शाखेत जोडलं की रकमा खात्यांवर पडतात. पण मशिन बिघडलं किंवा एजंट बंद होता होता आला तर रोकड ठेवून घ्यायलाच लागते ना, मग ती सगळी रक्कम एका व्हाउचरने "पिग्मी संकीर्ण" या खात्यात जमा करतात आणि दुसऱ्या दिवशी मशिनचा डेटा आला की खात्यांवर वाटतात. तोपर्यंत ते व्हाउचर प्रलंबित. जुनी सिस्टिम शिल्लक काढताना प्रलंबित व्हाउचर पण धरते. आमची स्क्रिप्ट फक्त मंजूर झालेली उचलते. गुरुवारी आठवडी बाजार असलेल्या शाखांत रक्कम मोठी, म्हणून फरक मोठा.

बाईंनी हे सगळं दहा मिनिटांत सांगितलं. कुठल्याच रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये हे नाही, कारण डॉक्युमेंट मुख्य कार्यालयात बसून लिहिलं गेलं आणि मुख्य कार्यालयात पिग्मीचं मशिन कुणी जोडत नाही. निघताना चहा झाला, त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून कुणी विचारलंच नाही हो." आज रात्रीच ठरवलं, पुढच्या मॉकच्या आधी पाच वेगवेगळ्या प्रकारच्या शाखांतून असा एकेक माणूस पुण्याला दोन दिवस बोलवायचा, सोनेतारण, लॉकर, पगारदार संस्था, सगळ्या वाटा त्यांच्याकडून चालवून घ्यायच्या.

परत येताना गाडीत डेटावाला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की ऑक्टोबरमधल्या ६२,४०० ची त्याला तेव्हाच शंका आली होती, पण मॉकची वेळ संपत आली होती आणि वरून राउंडिंग लिहून पुढे चला असं सांगितलं गेलं. मी त्याला एवढंच विचारलं की शंका आली तेव्हा ती कुठे लिहिता आली असती, धाकधूकचा रकाना आठवड्याने भरला जातो, मॉकच्या रात्री तो कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. मग आम्ही गाडीतच उपाय काढला. मॉकच्या चेकलिस्टमध्ये फरक कितीही छोटा असो, एक रुपया का असेना, कारण व्हाउचर नंबरसकट सिद्ध झाल्याशिवाय पुढची पायरी उघडायचीच नाही, आणि थांबवायचा अधिकार डेटावाल्याला, मला विचारायची गरज नाही. "वरून" कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. नाव कळून उपयोग काय, पायरी बंद झाली हे महत्त्वाचं.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मधे बुधवारी विधानसभेचं मतदान, सुट्टी. बाकी दिवस हिशोबात गेले. पिग्मीची स्क्रिप्ट, पाच शाखांच्या माणसांबरोबर दोन दिवस, त्यात जे निघेल ते, मग पूर्ण मॉक आणि रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून जुनी सिस्टिम परत उभी करायची, तालीम. १४ डिसेंबरला हे बसत नाही. ओढून ताणून बसवलं तर तालीम गाळावी लागते. सीईओ साहेबांना आजच फोन केला, सोमवारच्या मेलची वाट बघितली नाही. त्यांचं पहिलं वाक्य, "अध्यक्षांना काय सांगू?" मी म्हटलं, सर, मी येते आणि मीच सांगते.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

स्टीअरिंग कमिटी. अध्यक्ष, दोन संचालक, सीईओ, आमचे अकाउंट मॅनेजर. मी चार गोष्टी घेऊन गेले होते, पिग्मीचा आकडा, अजून तपासायच्या वाटांची यादी, तालीम गाळली तर काय होऊ शकतं ते, आणि नवीन तारीख ११ जानेवारी, जानेवारीचा दुसरा शनिवार. ही तारीख कशी निघाली ते पण कामं मांडून पुढे मोजत मोजत दाखवलं. टीएसबीने सुद्धा तारीख पुढे ढकलली होती, नोव्हेंबर २०१७ ची २०१८ वर नेली, पण चौकशी करणाऱ्या स्लॉटर अँड मे या कायदा फर्मच्या अहवालाने नेमकं यावरच बोट ठेवलं की शेवटची तारीख आधी धरली आणि कामं उलटी मागे बसवत आणली. मग ढकलून काय मिळवलं?

अध्यक्ष रागावले, आणि त्यांचं काही चूक नव्हतं, सभेत शब्द देऊन बसलेले. म्हणाले, "चुकलं कोण ते सांगा, मी सभासदांना सांगतो." मी सांगितलं, या प्रोजेक्टची जबाबदारी माझी आहे, उत्तर माझ्याकडून घ्या, टीममधल्या कुणाचं नाव मी देणार नाही. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका संचालकांनी, जे स्वतः निवृत्त प्राचार्य आहेत, त्यांनी सतीश धवनांचा विषय काढला. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं, कलाम प्रोजेक्ट डायरेक्टर, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः बसले आणि जबाबदारी अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत गेलं तेव्हा पत्रकारांसमोर कलामांना बसवलं.

हा प्रसंग ट्रेनिंगमध्ये सगळे सांगतात, मला त्यात आणखी एक दिसतं. त्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी कॉम्प्युटरने काउंटडाऊन थांबवलं होतं आणि तज्ज्ञांशी बोलून ते पुढे नेलं गेलं, हे कलामांनी स्वतःच पुढे अनेकदा जाहीर सांगितलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती होती. एवढं उघडपणे ते सांगू शकले याचं एक कारण मला वाटतं हेच की १९७९ मध्ये त्यांना कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. ज्याच्या मागे वरचा माणूस उभा राहतो तोच पुढच्या वेळी खरं बोलतो.

११ जानेवारी मंजूर झाली. अध्यक्ष उठताना म्हणाले, "आता परत बदलू नका म्हणजे झालं."

१० डिसेंबर २०२४, मंगळवार

तारीख पुढे गेल्यावर टीम ढिली पडते, तसं थोडं झालं. दोघांनी १४ तारखेनंतरच्या रजा टाकलेल्या होत्या, एकाच्या बहिणीचं लग्न आहे, दोन्ही रजा तशाच ठेवल्या. लग्नाची रजा रद्द करून मिळालेला माणूस कटओव्हरच्या (जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायच्या) रात्री मनाने तिथे नसतो.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

तिसरी मॉक. फरक शून्य. शून्य आल्यावर पण डेटावाल्याने तासभर मुद्दाम उलटी तपासणी केली, फार बरं वाटलं.

त्याहून महत्त्वाचं, आज परत फिरण्याची तालीम केली. म्हणजे नवीन सिस्टिम अर्ध्यात सोडून जुनी बॅकअपमधून उभी करायची, खरोखर करायची, कागदावर नाही. गिटलॅबचं (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी ऑनलाइन सेवा) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण टीमला वाचायला दिलं होतं. थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता, व्हर्जन जुळत नव्हतं म्हणून, आणि बिघाडाच्या सूचनेचे मेल सर्व्हर नाकारत होता म्हणून कुणाला पत्ता नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता त्यावर सगळं निभावलं. आणि त्यांनी ते सगळं जगासमोर लाइव्ह ठेवलं, इंजिनिअरला घरी पाठवलं नाही. मला त्या कंपनीबद्दल आदर आहे तो यासाठी.

आमच्या तालमीत काय निघालं तर बॅकअप छान होता पण जुन्या सिस्टिमचा लायसन्स डोंगल (जो जोडल्याशिवाय ती सुरूच होत नाही) मुख्य कार्यालयाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली एका माणसाच्या घरी. ७ तासांचं काम ९ तासांचं झालं ते त्या किल्लीमुळे. आता किल्ली दोन माणसांकडे.

परत फिरायची शेवटची वेळ ठरली, रविवार दुपारी ३. त्यानंतर पुढेच जायचं. निर्णय बँकेच्या ऑपरेशन्स मॅनेजरांचा, माझा नाही, अध्यक्षांचा नाही. अध्यक्षांनी त्यावर सही केली.

११ आणि १२ जानेवारी २०२५

वेळ मिळेल तसं लिहितेय. शुक्रवारी रात्री ९:४० ला ३४ वी शाखा डे-एंड झाली. पिग्मीची सगळी मशिनं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जोडून घेतली होती, तरी दोन एजंट राहिले, त्यांचे व्हाउचर नंबर फळ्यावर. स्पॉन्सर बँकेने इनवर्ड (बाहेरून येणाऱ्या पैशांच्या) फाइली ठरल्याप्रमाणे बाजूला ठेवायला घेतल्या, ग्राहकांना आठवडाभर आधीपासून एसएमएस गेलेले.

दोन पाळ्या, १० तासांच्या वर कुणी बसायचं नाही. रात्री २ ला पहिल्या पाळीला अक्षरशः हाकलून हॉटेलवर पाठवलं, थांबतो म्हणत होते. जागं राहणं म्हणजे निष्ठा असं आपल्याकडे समजतात, त्याचा मला मनापासून राग आहे.

शनिवारी रात्री ट्रायल बॅलन्स, फरक ११,२००. डेटावाल्याने थांबवलं, कुणी एक शब्द बोललं नाही. फळ्यावरचे दोन व्हाउचर, ७,४०० आणि ३,८००. जुळलं. चाळीस मिनिटं गेली.

रविवारी २:३५ ला ऑपरेशन्स मॅनेजरांनी पाचही शाखांच्या माणसांना एकेक करून विचारलं, तुमचं काम चालतंय का. आधी कॅशियर, मग पासिंग ऑफिसर, मी शेवटी. मग "पुढे चला" म्हणाले.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. सकाळी ८ पासून कॉल चालू ठेवला, ३४ शाखा. अमेरिकेतली हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विम्याची सरकारी साइट ऑक्टोबर २०१३ मध्ये बसली तेव्हा सावरायला गेलेल्या माइकी डिकरसन यांनी वॉर रूमसाठी लावलेले नियम मी मराठीत करून भिंतीवर लावले होते. इथे दोष द्यायचा नाही, त्याला दुसऱ्या जागा आहेत. ज्याला सर्वात जास्त माहिती तो बोलेल, ज्याचं पद मोठं तो नाही. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जे अंगावर येणार आहे तेवढंच बोलायचं. दुपारी आमचेच एक वरिष्ठ कॉलवर येऊन "हे झालंच कसं" सुरू झाले, तर आमच्या फ्रेशरने शांतपणे म्हटलं, "सर, ते आपण शुक्रवारी घेऊ, आत्ता पासबुक प्रिंटर चालू करू." ते थांबले. प्रिंटरची ओळ दोन मिलिमीटर खाली सरकत होती, ११ शाखांत जुने मॉडेल, ३ पर्यंत झालं. काही गावांत रांगा लागल्या, त्या शाखांत मुख्य कार्यालयाची माणसं आधीच उभी होती.

संध्याकाळी साडेसहाला त्या पासिंग ऑफिसर बाईंचा मेसेज, "पिग्मी टॅली झाली. एक एजंट उशिरा आला तरी बरोबर पडली."

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

शिल्लक कामं अशी. १९ तक्रारी उघड्या, पैकी व्याज प्रमाणपत्राच्या दोन गंभीर, त्या मंगळवारपर्यंत. लॉकर भाड्याची मराठी पावती. मार्चनंतरच्या दोन रिपोर्टांचं काम १ फेब्रुवारीपासून. ३१ मार्चच्या व्याज आकारणीची तालीम फेब्रुवारीच्या चौथ्या शनिवारी, त्यासाठी परत पाच शाखांतून माणसं, या वेळी वेगळ्या शाखा घ्यायच्या.

बँकेला पत्र गेलं, त्यात त्या बाईंचं काम नावानिशी लिहिलं, त्यांनी काय दाखवलं आणि त्यातून काय वाचलं ते आकड्यासकट, म्हणजे त्यांच्या सेवापुस्तकात ते जाईल. आमच्याकडे अप्रेझलचे फॉर्म आलेत. डेटावाल्याच्या फॉर्ममध्ये "ठळक कामगिरी" खाली मी लिहिलं, शनिवारी रात्री ११,२०० रुपयांसाठी कटओव्हर थांबवला. एचआरने विचारलं, ही कामगिरी कशी? त्यांना सोमवारी भेटून समजावते.

शाखांची यादी उद्यापर्यंत ऑपरेशन्स मॅनेजरांना पाठवायचीय, आठवडी बाजाराच्या दोन त्यात असल्याच पाहिजेत.